प्रार्थना आणि त्रैक्य : सहा आठवड्यांच्या ऑनलाइन अभ्यासवर्गाचा अनुभव

त्रैक्याचा, म्हणजे पिता, पुत्र येशू आणि पवित्र आत्मा हे तिघे मिळून एकच देव या ख्रिस्ती शिकवणीचा, विषय निघाला की बहुतेक शिकवणी ‘एक देव तीन कसा’ या प्रश्नाभोवतीच फिरत राहते आणि प्रार्थनेला गुडघे टेकणाऱ्याच्या हाती त्यातून फारसे काही लागत नाही. मी नुकताच पूर्ण केलेला हा वर्ग मात्र उलट दिशेने सुरू झाला : आपण प्रार्थना कशी करतो ते आधी पाहायचे आणि तिच्यातून देवाविषयीची आपली समजूत ओळखायची.

पहिल्याच दिवशी प्रत्येकाला आपली रोजची प्रार्थना जशीच्या तशी वहीत उतरवून, देवाला जिथे हाक मारली आहे तिथे रेघ ओढायला सांगितले. माझी प्रार्थना ‘हे स्वर्गीय पित्या’ अशी सुरू होत होती आणि चौथ्या ओळीत मी त्याच पित्याला ‘तू माझ्यासाठी क्रुसावर मरण सोसलेस’ असे म्हणत होते. इतकी वर्षे तोंडात बसलेले ते वाक्य कागदावर पाहून मी थबकले. शिक्षकांनी दोष न देता समजावले, की क्रुसावर पिता मेला नाही, त्याने पुत्राला दिले. आणि हा भेद पुसला, तर अटकेपूर्वी गेथशेमाने बागेत प्रार्थना करताना येशू कोणाशी बोलत होता, याचे उत्तर देता येत नाही.

वर्गाचा गाभा मला तिसऱ्या आठवड्यात सापडला. बायबलमधील गलतीकरांस पत्राच्या चौथ्या अध्यायात, देवाने आपल्या पुत्राचा आत्मा आपल्या अंतःकरणात पाठवला आणि तोच ‘अब्बा, बापा’ अशी हाक मारतो, असे म्हटले आहे. म्हणजे येशूची पित्याला मारलेली हाक आत्म्याच्या योगे आपल्या ओठांवर येते, आणि आपण प्रार्थनेला बसतो तेव्हा आधीपासून चाललेल्या संभाषणात सामील होतो. शब्द सुचत नाहीत अशा रात्री आत्मा स्वतः कण्हत मध्यस्थी करतो, हे रोमकरांस पत्रातील वचन मला पाठ होते. पण त्याचा आधार कसा घ्यायचा हे मी आजारपणाच्या काळात शिकले नव्हते, ते इथे शिकले.

इतिहासाचा भाग थोडक्यात पण नेमका होता. कैसरियाचे बिशप बासिल ‘पुत्राद्वारे, पवित्र आत्म्यात’ या जुन्या स्तवनाबरोबरच ‘पुत्रासह, पवित्र आत्म्यासह’ असेही म्हणत, म्हणजे पुत्राला आणि आत्म्याला पित्याच्या बरोबरीचा मान देत असल्याने त्यांच्यावर आक्षेप घेतला गेला, आणि त्याला उत्तर म्हणून इ. स. ३७५ च्या सुमारास त्यांनी पवित्र आत्म्यावरचा ग्रंथ लिहिला. उपासनेतल्या अव्ययांवरून एवढा वाद झाला, हे कळल्यापासून मी प्रार्थनेच्या शेवटचे ‘येशूच्या नावाने’ हे शब्द घाईने उरकत नाही.

दोन उणिवा मात्र सांगितल्या पाहिजेत. पाचव्या आठवड्यात एका साहाय्यकाने पाणी, बर्फ आणि वाफ हा दृष्टांत दिला. एकच पदार्थ वेळोवेळी रूप बदलतो असे त्यातून सूचित होते, आणि पहिल्या दिवशी जी चूक दुरुस्त केली तीच मागच्या दाराने आत येते. मुख्य शिक्षकांनी तिथल्या तिथे ते सुधारायला हवे होते. शिवाय थेट येशूला प्रार्थना करावी का, हा अनेकांच्या मनातला प्रश्न शेवटच्या पाच मिनिटांत उरकला गेला. पहिला ख्रिस्ती हुतात्मा स्तेफन याने मरताना ‘प्रभू येशू, माझ्या आत्म्याचा स्वीकार कर’ अशी प्रार्थना केली, तिचा तर उल्लेखही झाला नाही. पुढच्या तुकडीत या एका प्रश्नाला पूर्ण सत्र द्यावे, असे मी आयोजकांना लेखी कळवले आहे.