एंजल्स एन्व्ही: पोर्टच्या पिंपातून आलेली बर्बन

ग्लास नाकाशी नेला की आधी व्हॅनिला आणि मक्याचा गोडवा, मग मागून काळ्या मनुकांचा आंबटगोड वास. हा मनुकांचा वास पोर्ट वाइनचा, म्हणजे पोर्तुगालच्या गोड, कडक वाइनचा. अमेरिकेत केंटकीच्या लुईव्हिलमध्ये ही बर्बन, म्हणजे मक्याची अमेरिकी व्हिस्की, नेहमीप्रमाणे कोऱ्या ओकच्या पिंपात मुरवतात आणि मग तीन ते सहा महिने रूबी पोर्टच्या पिंपांत ठेवतात. कल्पना लिंकन हेंडरसन यांची. वुडफर्ड रिझर्व्ह ही दुसरी नावाजलेली बर्बन घडवणारे तेच.

लेबल मात्र सावकाश वाचा. अमेरिकी नियमांत बर्बन म्हणजे किमान ५१ टक्के मका, आतून जाळलेलं कोरं ओकचं पिंप आणि वरून रंग-चव काहीही नाही. वाइनच्या पिंपाने चव बदलली की सरकारी वर्गवारीत ती नुसती बर्बन न राहता ‘डिस्टिल्ड स्पिरिट्स स्पेशॅल्टी’ ठरते. म्हणून ‘पोर्ट वाइन बॅरल्समध्ये फिनिश केलेली’ हे बर्बनच्या नावाबरोबरच छापलेलं आहे. स्कॉटलंडात ग्लेनमोरेंजीची क्विंटा रुबान ही व्हिस्की पोर्टच्या पिंपात राहूनही सिंगल माल्टच (एकाच डिस्टिलरीतली, फक्त माल्ट केलेल्या बार्लीची व्हिस्की) राहते! मला अमेरिकी पद्धत जास्त पटते. पैसे मोजणाऱ्याला चव कुठून आली हे बाटलीवरच कळायला हवं.

४३.३ टक्के अल्कोहोलची आहे, घशाला लागत नाही. बर्फ नको, पाण्याचे दोन थेंब पुरेत. मनुका आणखी खुलतात. राय या धान्याचा भर असलेली तिखट, राकट बर्बन आवडणाऱ्यांना ही मवाळ वाटेल. पहिल्यांदाच बर्बन चाखणाऱ्याला मात्र मी बिनदिक्कत हीच देईन.