रात्रीची धडधड: श्वास मोजावा की स्नायू सैल करावेत?

रात्री अडीचला जाग येते, छाती धडधडते आणि मन मुलाच्या नोकरीपासून स्वतःच्या शुगरपर्यंत फिरत राहतं. अशा वेळी श्वासाचा उपाय आधी. खुर्चीत पाठ टेकवून बसा, एक हात पोटावर ठेवा. नाकाने ४ मोजत श्वास आत, ६ मोजत बाहेर, साधारण ५ मिनिटं. बहुतेक जण चुकतात ते इथेच: खांदे उचलून भलामोठा श्वास ओढतात. मग शरीरातला कार्बन डायऑक्साइड जास्तच बाहेर जातो, बोटांना मुंग्या येतात, गरगरतं आणि भीती दुप्पट होते. श्वास मोठा नको, संथ हवा. हलावा तो पोटावरचा हात. दमा असेल तर ३ आणि ४ मोजा, श्वास रोखू नका.

स्नायूंचा उपाय पडून करायचा, १५ मिनिटं हाताशी हवीत. पावलांपासून वर एकेक भाग ५ सेकंद आवळायचा, १५ सेकंद सैल सोडायचा. पोटऱ्यांत गोळे येत असतील तर अर्ध्याच जोराने. मान दुखत असेल तर ती वगळा. झोप लागत नसेल तर हाच बरा. नागपुरात मे महिन्यात कूलरच्या घरघरीत आकडे चुकतात, तेव्हाही हाच सोपा पडतो. (उन्हाळ्यात आधी पाणी प्या, कमी पाण्यानेही धडधडतं.) उठताना मात्र मिनिटभर पलंगाच्या कडेला बसा, बीपीच्या गोळ्या चालू असतील तर नक्कीच.

छातीत दाब, घाम, दम लागणं किंवा हाता-जबड्यात कळ असेल तर दोन्ही सोडून १०८ लावा.