सिनेमाचे तिकीट : मोबाइलवर, खिडकीवर आणि मंगळवारी

सिनेमाला जायचे ठरले की घरात पहिली चर्चा कोणता सिनेमा यावर होते. छत्रपती संभाजीनगरात राहणाऱ्या आणि खिसा सांभाळून सिनेमा पाहणाऱ्या माणसाने मात्र आधी वार ठरवावा, असे माझे स्पष्ट मत आहे. रविवारी संध्याकाळच्या खेळाला ज्या खुर्चीसाठी भरभक्कम रक्कम मोजावी लागते, तीच खुर्ची, त्याच पडद्यासमोरची, आठवड्याच्या मधल्या दिवशी सकाळी बरीच स्वस्त मिळते. दुसरा प्रश्न तिकीट कोठून काढायचे हा आहे, आणि तो वाटतो तितका क्षुल्लक नाही. हे परीक्षण मुख्यतः या दुसऱ्या प्रश्नाचे आहे.

मोबाइलवरून तिकीट काढण्याची सेवा म्हणून पाहिली तर तिच्यात नाव ठेवण्यासारखे फार थोडे आहे. सभागृहाचा नकाशा दिसतो, खांबाआडची किंवा पडद्याला खेटून असलेली रांग टाळता येते, चौघांच्या खुर्च्या एकमेकांशेजारी मिळतात आणि पैसे यूपीआयने क्षणात जातात. प्रश्न शेवटच्या पानावर उभा राहतो. तोपर्यंत दिसत असलेल्या रकमेत तेथे ‘कन्व्हिनियन्स फी’, म्हणजे घरबसल्या तिकीट मिळण्याच्या सोयीचे शुल्क, मिळवली जाते, आणि तिचा तपशील पाहायचा असेल तर शेजारच्या बारीक बाणावर बोट ठेवावे लागते. एका अॅपवर तर दानाचा एक रुपया आपल्या वतीने आधीच निवडून ठेवलेला मला आढळला. रुपयाचे दुःख नाही, परंतु न विचारता ठेवलेली खूण काढण्याचे काम ग्राहकाकडे असावे, हे मला पटत नाही.

ही फी साधारणपणे तिकिटागणिक लागते, व्यवहारागणिक नव्हे, ही गोष्ट अनेकांच्या लक्षात येत नाही. चार तिकिटे एकदाच काढली तरी फी चार वेळा द्यावी लागते, आणि तिच्यावर १८ टक्के जीएसटी निराळा. हिशेबासाठी समजा की एका तिकिटामागे फी ३० रुपये आहे. करासह ती ३५ रुपये ४० पैसे होते आणि चौघांची १४१ रुपये ६० पैसे. तिकिटाची मूळ किंमत २०० रुपये असेल तर १८ टक्के करासह ते २३६ रुपयांना पडते, चौघांचे ९४४ होतात, आणि फी मिळवून बेरीज १,०८५ रुपये ६० पैशांवर जाते. येथे फीचा बोजा तिकिटांच्या रकमेच्या सुमारे १५ टक्के आहे, तो एक वेळ सोसता येतो. आता मूळ किंमत १०० रुपये धरू. सध्याच्या ५ टक्के दराने तिकीट १०५ रुपयांना पडते, चौघांचे ४२०, आणि फी तेवढीच राहिली तर ती तिकिटांच्या एक तृतीयांशाहून अधिक होते. म्हणजे तिकीट जितके स्वस्त, तितके ते मोबाइलवरून काढणे अधिक अंगावर येते. स्वस्त वार शोधून काढायचा आणि वाचलेले पैसे फीपोटी परत देऊन टाकायचे, हा व्यवहार कोणत्याच हिशेबात बसत नाही. फी प्रत्येक चित्रपटगृहाला आणि तिकिटाच्या दरानुसार वेगळी असते, त्यामुळे माझा ३० चा आकडा सोडून आपल्या पडद्यावर दिसणारा आकडा घालून हीच आकडेमोड करावी.

या फीला कायद्याने आडकाठी आहे, असा समज अजूनही ऐकू येतो. त्याला एके काळी आधार होता. महाराष्ट्र शासनाने २०१३ आणि २०१४ मध्ये आदेश काढून ऑनलाइन तिकिटांवर अशी फी घेण्यास मनाई केली होती. मुंबई उच्च न्यायालयाने जुलै २०२५ मध्ये ते आदेश रद्द केले. कायद्याचा आधार नसताना व्यवसायस्वातंत्र्यावर असा निर्बंध घालता येणार नाही, असा त्या निकालाचा रोख होता. त्यामुळे फी बेकायदा आहे म्हणून खिडकीवरच्या मुलाशी हुज्जत घालण्यात आता अर्थ उरलेला नाही. तिकीट घरबसल्या घेण्याची सक्ती कोणी केलेली नाही, एवढाच ग्राहकाच्या हातातला उपाय आहे.

कराचे टप्पेही एकदा समजून घ्यावेत. जीएसटीपूर्वी महाराष्ट्रात करमणूक कराचा दर ४५ टक्क्यांपर्यंत होता. जुलै २०१७ मध्ये १०० रुपयांवरच्या तिकिटाला २८ आणि त्याखालच्या तिकिटाला १८ टक्के जीएसटी लागू झाला. १ जानेवारी २०१९ पासून हे दर अनुक्रमे १८ आणि १२ झाले, आणि २२ सप्टेंबर २०२५ पासून १०० रुपयांपर्यंतच्या तिकिटावरचा दर ५ टक्क्यांवर आला. वरचा १८ टक्क्यांचा दर तसाच आहे. गेल्या काही वर्षांत ११२ रुपयांची तिकिटे जिकडेतिकडे दिसत, ती यामुळेच : शंभर अधिक बारा. आता त्याच तिकिटाचे १०५ व्हायला हवेत. ते झाले की नाही हे तिकिटाच्या तळाशी पाहावे. सीजीएसटी आणि एसजीएसटी (कराचा केंद्राचा आणि राज्याचा वाटा) प्रत्येकी अडीच टक्के छापलेले असतील आणि तरीही एकूण रक्कम ११२ च असेल, तर हिशेबात गफलत आहे, हे उघड आहे, कारण ५ टक्के दर मूळ किंमत १०० रुपयांपर्यंत असेल तरच लागतो. मूळ किंमत १०१ झाली की कर १८ टक्के लागतो आणि तिकीट ११९ रुपयांच्या पुढे जाते; एका रुपयाच्या वाढीने ग्राहकाला चौदा रुपयांचा फटका बसतो.

खिडकीचा अनुभव वाराप्रमाणे बदलतो. कामाच्या दिवशी सकाळी तेथे शुकशुकाट असतो. अनेक मल्टिप्लेक्समध्ये आता तिकिटाची स्वतंत्र खिडकीही उरलेली नाही, पॉपकॉर्न विकणारा कर्मचारीच हात पुसून तिकीट छापून देतो आणि त्याच दमात ‘सर, कॉम्बो घेणार का?’ असे विचारतो. नको म्हटले की तो आग्रह करीत नाही. स्क्रीन आपल्याकडे वळवायला सांगितली तर नकाशा पाहून खुर्च्याही निवडता येतात, आणि मधल्या वारी मागच्या तीन रांगा बहुधा रिकाम्याच असतात. शुक्रवारी मोठा सिनेमा लागलेला असताना मात्र खिडकीचा नाद सोडावा. सिडकोतून किंवा गारखेड्यातून रिक्षा करून चिकलठाण्याच्या प्रोझोन मॉलपर्यंत जायचे आणि हाउसफुलचा फलक पाहून परतायचे, यात फीच्या कितीतरी पट पैसे जातात. जालन्याहून साठेक किलोमीटर प्रवास करून येणाऱ्या कुटुंबाने तर बिनदिक्कत फी भरावी. खिडकी ही शहरात राहणाऱ्यांची, आणि त्यातही मॉलच्या बाजूला अन्य कामासाठी जाणाऱ्यांची सोय आहे.

आता वाराबद्दल. पीव्हीआर आयनॉक्स या साखळीने एप्रिल २०२५ पासून मंगळवारी ९९ रुपयांपासून तिकिटे देण्याची योजना सुरू केली. ‘पासून’ या शब्दाकडे लक्ष द्यावे : शहर, चित्रपटगृह आणि खुर्चीचा वर्ग यांनुसार दर वर सरकतो, आणि थ्रीडी किंवा रिक्लायनर अशा दरात मिळेल असे गृहीत धरू नये. सोमवारी रात्री अॅप उघडून आपल्या चित्रपटगृहाचा दर पाहायचा आणि दुसऱ्या दिवशी तिकीट खिडकीवर काढायचे, ही माझी पद्धत आहे. राष्ट्रीय चित्रपट दिनाचाही गाजावाजा होतो. २३ सप्टेंबर २०२२ रोजी तिकीट ७५ रुपयांना होते, १३ ऑक्टोबर २०२३ आणि २० सप्टेंबर २०२४ रोजी ९९ रुपयांना. तिन्ही वेळा दिवस शुक्रवार होता. त्या दिवशी दर स्वस्त असतो हे खरे, पण गर्दी जत्रेची असते. पीव्हीआर आयनॉक्सनेच ऑक्टोबर २०२३ मध्ये ६९९ रुपयांत महिन्याला दहा सिनेमांचा पास आणला होता, तो सोमवार ते गुरुवारपुरता आणि एकाच व्यक्तीसाठी. एकट्याने सिनेमा पाहणाऱ्या निवृत्त गृहस्थाला असा पास सोन्यासारखा. नोकरदाराच्या कुटुंबाला त्याचा काडीचा उपयोग नाही.

खाण्याच्या खर्चावर लिहावे तेवढे थोडे आहे, तरी आवरते घेतो. सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी २०२३ मध्ये बाहेरचे खाद्यपदार्थ रोखण्याचा चित्रपटगृहांचा अधिकार मान्य केला, त्याचबरोबर पिण्याचे पाणी विनामूल्य मिळाले पाहिजे आणि तान्ह्या बाळाचे खाणे आत नेता आले पाहिजे, हेही नमूद केले. पाण्याची सोय बहुधा स्वच्छतागृहाकडे जाणाऱ्या बोळात असते आणि तिचा फलक दिसत नाही. विचारल्यावर कर्मचारी दाखवतात. बाकी गुलमंडीवर आधी पोटभर खाऊन मग सिनेमाला जाण्याची जुन्या शहराची रीत मला अधिक शहाणपणाची वाटते.

एकपडदा चित्रपटगृहांबद्दल आपुलकी असूनही शिफारस हात राखूनच करावी लागते. मराठवाड्यातील तालुक्यांच्या गावी कित्येक टॉकीज बंद पडल्या, काहींची मंगल कार्यालये झाली. ज्या चालू आहेत तेथे बाल्कनीचे तिकीटही सहसा मल्टिप्लेक्सहून स्वस्त पडते आणि ते खिडकीवर रोख देऊन मिळते. मात्र तिकीट काढण्यापूर्वी वातानुकूलन चालू आहे का, हे विचारावेच. एका जुन्या चित्रपटगृहात एप्रिलच्या दुपारी प्रेक्षक कमी म्हणून यंत्र मध्यंतरापर्यंत बंद ठेवले होते. भिंतीवरच्या पंख्यांच्या घरघरीत अर्धे संवाद ऐकूच आले नाहीत. वाचलेल्या पैशांचे समाधान तेवढ्यापुरते नाहीसे झाले.

दर सिनेमामागे पडणारा खर्च हाच निकष लावला तर मराठवाड्यात सर्वांत किफायतशीर तिकीट अजिंठा-वेरूळ आंतरराष्ट्रीय चित्रपट महोत्सवाचे आहे. जानेवारी २०२५ मध्ये त्याचे दहावे पर्व झाले आणि चित्रपट प्रोझोन मॉलमधील आयनॉक्समध्येच, म्हणजे रविवारी आपण चढ्या दराने ज्या खुर्च्यांवर बसतो त्यांवरच, दाखवले गेले. एकदा प्रतिनिधी म्हणून नोंदणी केली की महोत्सवाचे सर्व दिवस सकाळपासून रात्रीपर्यंत सिनेमे पाहता येतात. दिवसाला तीन जरी पाहिले तरी एका सिनेमाचा भाव कोणत्याही मंगळवारपेक्षा खाली येतो. नेहमीचे हिंदी सिनेमे येथे मिळणार नाहीत, बरेच चित्रपट उपशीर्षके वाचत पाहावे लागतात, आणि चर्चेतल्या सिनेमासाठी वेळेच्या बरेच आधी रांगेत उभे राहणे बरे. नोंदणी मात्र डिसेंबरपासूनच लक्ष ठेवून करावी.