आर की एसपीएसएस? विद्यापीठाच्या संख्याशास्त्र वर्गासाठी
आर आणि एसपीएसएस ही दोन्ही आकडेवारीचं विश्लेषण करणारी सॉफ्टवेअर; आरमध्ये आज्ञा टाइप कराव्या लागतात, एसपीएसएसमध्ये त्या मेनूतून निवडता येतात. पहिल्या तासाला एसपीएसएसच सोपं जातं, हे मान्य करायला हवं. डेटा उघडला, मेनूतून टी-चाचणी (सरासरींची तुलना करणारी चाचणी) निवडली, ओके दाबलं की तक्ता समोर. आरमध्ये त्याच तासात निम्मा वर्ग सुटलेला कंस शोधत बसतो.

संशोधन सुरू झालं की मात्र पारडं फिरतं. परीक्षकाने विचारलं, ‘रिकाम्या नोंदी कशा वगळल्या?’ तर उत्तर आरच्या स्क्रिप्टमध्येच, म्हणजे लिहून ठेवलेल्या आज्ञांच्या फाइलमध्येच असतं, ओळीनिशी आणि क्रमवार. एसपीएसएसमध्येही हे जमतं. चाचणीच्या चौकटीतलं ‘पेस्ट’ बटण दाबलं की आज्ञा सिंटॅक्स फाइलमध्ये उतरतात. ते बटण पहिल्याच आठवड्यात शिकवायला हवं.

परवान्याचा मुद्दा मला सर्वांत कळीचा वाटतो. विद्यापीठाच्या परवान्यावर एसपीएसएस शिकलेला विद्यार्थी बाहेर पडला की ते साधन सहसा मागेच राहतं. ऑकलंड विद्यापीठात रॉस इहाका आणि रॉबर्ट जंटलमन यांनी सुरू केलेलं आर १९९५ पासून जीपीएल या मुक्त परवान्याखाली आहे, म्हणजे ते कुणीही मोफत वापरू शकतं. ते विद्यार्थ्याच्या लॅपटॉपवर कायम राहतं. शिवाय ‘एसडी’ हे फंक्शन कंसाविना टाइप केलं, की प्रमाण विचलन नेमकं कसं काढलं जातं ते समोर वाचता येतं. संख्याशास्त्र शिकणाऱ्याला याहून मोठी सोय कुठली?

मेनूच हवा असेल तर ॲम्स्टरडॅम विद्यापीठात घडलेलं जेएएसपी आहे, तेही मुक्त. पहिल्या सत्रात ते आणि दुसऱ्यात आर, असं मी सुचवेन. विभागातल्या जुन्या एसपीएसएस फाइली ‘हेवन’ या आरच्या पूरक पॅकेजने आरमध्ये उघडतात.