आधी गोदाम की आधी गिऱ्हाईक?
नवा धंदा काढताना दोन वाटा समोर असतात. सगळी यंत्रणा आधी उभारायची, नाहीतर हाताने काम भागवत मागणी आहे का ते आधी पाहायचं.

वेबव्हॅन या अमेरिकन कंपनीने पहिली वाट धरली. घरपोच किराण्यासाठी भलीमोठी स्वयंचलित गोदामं बांधली. ऑर्डरी त्या खर्चाला पुरल्या नाहीत, 2001 मध्ये दिवाळं निघालं.

दुसरी वाट धरली ती झॅपोस ही ऑनलाइन बूट विकणारी कंपनी काढणाऱ्या निक स्विनमर्नने. त्याने 1999 मध्ये दुकानात जाऊन बुटांचे फोटो काढले आणि वेबसाइटवर टाकले. ऑर्डर आली की तोच जोड दुकानातून पूर्ण किमतीला विकत घ्यायचा आणि पाठवून द्यायचा. यात नफा कसला उरणार? पण पायात घालून न बघता लोक बूट घेतात का, एवढंच त्याला जाणून घ्यायचं होतं, आणि ते गोदामाशिवाय कळलं. 2009 मध्ये अ‍ॅमेझॉनने ही कंपनी विकत घेतली.

माझा कल उघडच दुसऱ्या वाटेकडे आहे. मात्र वैद्यकीय उपकरणासारखी वस्तू अर्धवट बाहेर काढणं जिवावर बेतू शकतं, तिथे ही वाट नको. बाकी ठिकाणी अ‍ॅप बनवायला घेण्याआधी पहिले दहा ग्राहक वही आणि फोनवर सांभाळून बघा. काम नेमकं कुठे अडतं, हे त्या वहीतल्या खाडाखोडीतच दिसतं.