‘ते कस्टमसाठी लिहावं लागते भाऊ’

नागपुरात अंबाझरीला रोज सकाळी धावायचो. मार्चमध्ये गुडघा गेला. रामदासपेठेतल्या डॉक्टरांनी व्यायाम लिहून दिले आणि तीन महिने धीर धरायला सांगितलं. तोच तर नव्हता.

जिमचा ट्रेनर म्हणाला, “काहून टेन्शन घेता भाऊ? बीपीसी-१५७ पेप्टाइडची इंजेक्शनं घ्या, महिनाभरात पळाल.” १८,००० रुपये यूपीआयने दिले, तेही कुणा तिसऱ्याच्याच खात्यात. बिल मागितलं तर म्हणे, घरचीच गोष्ट आहे.

पार्सल आलं मे महिन्यात, भर दुपारी. चार तास वॉचमनच्या खुर्चीवर पडून होतं. ‘फ्रिजमध्येच ठेवा’ म्हणणाऱ्याने आत बर्फाची पिशवीसुद्धा टाकली नव्हती. पाच व्हायल, तळाशी पांढरी पूड. डोकेदुखीच्या गोळीच्या पट्टीवरही कंपनीचं नाव, परवाना क्रमांक, बॅच नंबर असतो. इथे काहीच नाही. फक्त इंग्रजीत एक बारीक ओळ : संशोधनासाठी, माणसांना वापरण्यासाठी नाही. पंचवीस वर्षं बँकेत लोकांच्या कर्जाची कागदपत्रं तपासतोय मी! विचारलं, तर ट्रेनर हसला. “ते कस्टमसाठी लिहावं लागते भाऊ.”

नवव्या दिवशी पोटावर टोचल्या जागी लिंबाएवढी गाठ आली, रात्री ताप. धंतोलीतल्या सर्जनने चिरा देऊन पू काढला. मग व्हायल उजेडात धरून विचारलं, “यात आहे काय?” मला सांगता येईना. ते म्हणाले, लेबल खरं धरलं तरी याचे बहुतेक प्रयोग उंदरांवरचे. अमेरिकेच्या औषध नियामक एफडीएची मान्यता नाही, खेळाडूंना तर २०२२ पासून बंदी. ते नव्या रक्तवाहिन्या वाढवतं असं प्राण्यांत दिसलंय, मग कुठे लपलेली कॅन्सरची गाठ असेल तर तिलाही रक्त मिळेल का, ही शंका माणसांत कुणी नीट तपासलेलीच नाही. माझी आई कॅन्सरने गेली. बायको शेजारीच बसली होती, काही बोलली नाही.

पैसे मागायला गेलो. ट्रेनरने तीच ओळ दाखवली. “लिहिलंच होतं ना भाऊ, माणसांसाठी नाही. तुम्ही घेतलं.”

आता तोच रोज फोन करतो, उरलेल्या तीन व्हायल परत द्या, मग पैशाचं बघू. त्या लोणच्याच्या बरणीमागे ठेवल्यात. सोमवारी अन्न व औषध प्रशासनात तक्रारीसोबत द्यायच्या आहेत.