गार्डीनातलं हवाईयन कॅफे : दुसऱ्या मुदीचे २ डॉलर ९० सेंट

लॉस एंजेलिसजवळच्या गार्डीनातल्या या कॅफेत मागच्या उन्हाळ्यापासून आम्ही जातोय. लिहीन लिहीन म्हणत राहून गेलं होतं. आता लिहितोय, कारण नवं मेनूकार्ड आलंय आणि त्यात प्लेट लंचसमोर ‘वन स्कूप राइस’ छापलंय. दुसरी मूद हवी असेल तर २ डॉलर ९० सेंट वेगळे. भाताचे. साध्या पांढऱ्या भाताचे.

टॉरन्स-गार्डीना भागात राहणाऱ्यांना प्लेट लंच समजावून सांगायला नको. भाताच्या दोन मुदी, मॅकरोनी सॅलडची एक, आणि सोबत कलुआ पोर्क (हवाई पद्धतीचं मऊ शिजवून तासलेलं डुक्कर), तेरियाकी चिकन, जे काय हवं ते. हवाईत टपरीवर जा नाहीतर चांगल्या हॉटेलात, हिशोब हाच. जपान, चीन, फिलिपिन्स, पोर्तुगाल, कोरियाहून उसाच्या मळ्यांवर आणलेले मजूर दोन कप्प्यांचा डबा घेऊन कामावर जायचे. खालच्या कप्प्यात भात, वरच्यात कालवण नाहीतर खारवलेला मासा. दिवसभर ऊस तोडणाऱ्याचं पोट भातानेच भरायचं. म्हणजे या ताटलीत मांस हे तोंडीलावणं आहे आणि भात हे जेवण. त्यातला अर्धा भात काढून घ्यायचा आणि किंमत मात्र तीच ठेवायची, हे आपल्याकडे थाळीत पोळ्यांचे वेगळे पैसे लावण्यासारखं झालं.

काउंटरवरच्या मुलीला विचारलं तर उत्तर ठरलेलं: सगळंच महागलंय. महागलंय, मान्य. पण तांदूळ? हवाईतल्या हॉटेलवाल्याने हे म्हटलं असतं तर ऐकून घेतलं असतं, त्याच्याकडे तांदूळ बोटीने येतो. एके काळी हवाईत स्वतःची भातशेती होती, उसाच्या खालोखाल तेच पीक होतं. कॅलिफोर्नियाच्या यंत्रावर पिकवलेल्या स्वस्त तांदळापुढे ती टिकली नाही. तिथल्या ताटल्यांत आज बहुतेक कॅलरोज असतो. १९४८ साली कॅलिफोर्नियातल्याच बिग्जच्या संशोधन केंद्रातून आलेल्या वाणाचं हे नाव, आज तसल्या मध्यम दाण्याच्या सगळ्याच तांदळाला लावतात, आणि तो सॅक्रामेंटोच्या खोऱ्यात पिकतो. समुद्र ओलांडून तांदूळ आणणारे दोन मुदी वाढतात आणि ज्यांच्या राज्यात तो पिकतो ते एकीवर आले! घाऊक गोणीच्या भावाने मी हिशोब केला. एका मुदीला दहा-पंधरा सेंटांहून जास्तीचे तांदूळ लागत नाहीत. बाकीचे पावणेतीन डॉलर कशाचे, ते कुणी सांगेना.

बायको म्हणाली, एवढं काय भाताचं घेऊन बसलायस. ती पुण्याची आहे. मी देवगडचा.

राग बाजूला ठेवून बोलायचं तर स्वयंपाकात खोट काढायला जागा फार कमी आहे. लोको मोको उत्तम. भात, त्यावर हॅम्बर्गरची पॅटी, तपकिरी ग्रेव्ही आणि अर्धवट शिजलेल्या बलकाचं अंडं. १९४९ च्या सुमारास हवाईतल्या हिलो गावात विशीच्या आतल्या पोरांसाठी स्वस्तात पोट भरणारं म्हणून निघालेला हा प्रकार. इथे ग्रेव्ही घट्ट असते, पिठूळ लागत नाही, आणि अंडं फोडल्यावर बलक ग्रेव्हीत उतरतो तो पहिला घास खरंच अप्रतिम. मात्र पॅटी बीफची आणि ग्रेव्हीही बीफचीच. चिकन किंवा माशाची लोको मोको मागितली तरी वरून तीच ग्रेव्ही ओततात, आपणहून सांगत नाहीत. न खाणाऱ्यांनी आधी विचारा. (मी सगळं खातो, आडनावावर जाऊ नका. वाट पाहणाऱ्यांच्या यादीत मी ‘जोशी’ लिहितो, गार्डीनात ते जपानी वाटतं आणि हाक मारताना कुणी अडखळत नाही. एवढ्या वर्षांत अमेरिकेत मिळालेली ही एकच सवलत.)

न्याहारीला पोर्तुगीज सॉसेज, अंडी आणि भात. या सॉसेजमध्ये लसूण आणि पाप्रिका असते. गोव्याच्या चोरिसाची सवय असेल तर आंबटपणा आणि तिखट कमी वाटेल, पण गोत्र एकच. १८७८ पासून मादेरा आणि अझोर्सचे लोक मळ्यांवर आले, त्यांच्याबरोबर हे आलं. डिसेंबरात इथे विन्या द आल्योश होतं, व्हिनेगर-लसणात मुरवलेलं डुक्कर, तळून. म्हापशाचा माझा मित्र एक घास खाऊन म्हणाला, ‘आमच्या विंदालूत मिरची घालायची कुणी राहून गेलं.’ दोन प्लेटी संपवल्या मात्र त्यानेच.

मालासादा (साखरेत घोळवलेले पोर्तुगीज तळलेले गोळे) फक्त शनिवार-रविवारी आणि नऊनंतर बहुधा संपलेले. गरम असतानाच खायचे, गार झाले की साखर ओलसर होते आणि पाणीच पडतं सगळ्यावर. स्वीट ब्रेडचा फ्रेंच टोस्ट मुलांना आवडतो, मला गोड जास्त. स्पॅम मुसुबी (भाताच्या वडीवर डबाबंद मांसाचा काप, भोवती समुद्री शेवाळाची पट्टी) ठीक. अमेरिकेत दरडोई सर्वांत जास्त स्पॅम हवाईत खपतं, तेव्हा त्याला नाकं मुरडण्यात अर्थ नाही, पण इथे स्पॅमचा काप दिवसेंदिवस पातळ होतोय असा मला संशय आहे. कॉफी टाळा. फळ्यावर ‘कोना’ (हवाईतल्या कोना भागातली महाग कॉफी) मोठ्या अक्षरात आणि ‘ब्लेंड’ बारीक. खुद्द हवाईच्या कायद्यात १० टक्के कोना असली तरी कोना ब्लेंड म्हणता येतं, २०२७ च्या जुलैपासून ५१ टक्के लागेल. इथे तर तो कायदाही लागू नाही. त्यापेक्षा पॉग घ्या, पॅशनफ्रूट-संत्रं-पेरूचा रस.

पण मला पहिल्यापासून आवडायचं ते भात वाढणं. आइस्क्रीमचा स्कूप पाण्यात बुडवायचा, कुकरमध्ये खुपसायचा, कुकरच्या काठावर वरचा भाग सपाट करायचा आणि खटका दाबायचा. गोल, घट्ट मूद, वर चिमूटभर फुरिकाके, म्हणजे तीळ-शेवाळाचं जपानी कोरडं तोंडीलावणं. खटक्याचा आवाज रांगेत ऐकू यायचा, प्रत्येक ताटलीला दोनदा.

एवढं लिहून ठेवलं होतं. नंतर पुन्हा गेलो तर मालकीणबाई स्वतः काउंटरवर होत्या. हवाईच्या माणसांत मोठ्या बाईला नावाने हाक मारत नाहीत, आंटीच म्हणतात, त्यामुळे भांडायलाही जरा संकोच वाटतो. ‘आंटी, दुसरी मूद कुठे गेली?’ असं विचारलं. त्या काही न बोलता मला खरकट्याच्या टबापाशी घेऊन गेल्या. आत पंधरा-वीस ताटल्या, आणि निम्म्यांवर एक मूद जशीच्या तशी. स्कूपच्या रेघासुद्धा मोडलेल्या नव्हत्या. कुणाला कार्ब नको, कुणाचं डाएट. ‘अंकल, मी हा रोज फेकते,’ त्या म्हणाल्या. मला अंकल म्हटल्याचं सोडून देऊ, त्या माझ्याहून चांगल्या पंधरा वर्षांनी मोठ्या आहेत. पण तो टब पाहून माझा आवाज खाली आला, हे खरं. भात टाकलेला मला बघवत नाही.

तरी मी म्हटलं, मग विचारून वाढा ना, खाणाऱ्याला कशाला दंड? त्यावर कळलं की मॅक सॅलड नको म्हटलं तर त्याच्या जागी दुसरी मूद फुकट देतात. ‘ऑल राइस’ म्हणायचं. हे मेनूकार्डावर कुठेही लिहिलेलं नाही! आणि आता हिशोब लावा: मेयोनेज, किसलेलं गाजर घातलेली मॅकरोनी भातापेक्षा महागच पडत असणार. ती सोडली तर भात फुकट, आणि ती ठेवून भात मागितला तर २ डॉलर ९० सेंट. हे गणित मी आंटींना समजावून सांगितलं. त्या हसल्या आणि पुढच्या गिऱ्हाईकाकडे वळल्या.

बरं, मॅक सॅलड सोडवतही नाही. मॅकरोनी मुद्दाम जरा जास्त शिजवलेली असते, मेयोनेज आत मुरलेलं, आणि कलुआ पोर्कच्या खारटपणाबरोबर तीच लागते. म्हणून सध्या असं चाललंय: मी ‘ऑल राइस’ घेतो, बायको नेहमीची प्लेट, आणि तिच्या मॅकरोनीवर माझा काटा जातो. तिला हे फारसं पसंत नाही. आई भारतातून आली होती तेव्हा तिच्या शाकाहारी ताटलीला (भात, मॅक, ब्रेडच्या चुऱ्यात तळलेला वांग्याचा कात्सू) न मागता दोन मुदी आल्या होत्या, हेही नोंदवून ठेवतो. नवीन मेनूकार्डानंतरची गोष्ट आहे ही. म्हणजे म्हाताऱ्या माणसाला अजून वाढतात.

जाणार असाल तर शनिवारी साडेआठच्या आत जा. दोनला बंद होतं, आणि साडेबारानंतर कुकरच्या तळाचा भात येतो, कडेने कडक झालेला. पार्किंग मागच्या गल्लीत मिळतं. बिलात कार्डाचे ३ टक्के वेगळे लावतात, रोख न्या.

साडेतीन तारे. मेनूकार्डावर ‘ऑल राइस’ छापलं की अर्धा वाढवीन.